विहिरीतला दगड भट्टीत घालताना

लोकांच्या शोकेसमध्ये कपबश्या असतात, मुलांच्या ट्रॉफ्या असतात, तिरुपतीहून आणलेलं कायतरी असतं. आमच्याकडे दगड होते. बाबांनी जवळपास तीस वर्षं शिरूर-पारनेर पट्ट्यात विहिरी खोदायची कामं घेतली, आणि खोदताना कधीमधी खडकात पोकळी लागायची, आत पांढरे, गुलाबी, एखादवेळी हिरवट खडे चमकायचे, ते बाबा उपरण्यात बांधून घरी आणायचे. आई म्हणायची लोकं कामावरून पैसे आणतात, हे दगड आणतात. आम्ही सगळ्यालाच 'गारा' म्हणायचो. त्यातला पंख्यासारखा उघडलेला गुलाबी म्हणजे स्टिल्बाइट, काचेच्या चौकोनी ठोकळ्यासारखा तो अपोफिलाइट, पांढऱ्या सुयांचा झुपका तो स्कोलेसाइट, ही नावं मला चाळिशीत कळली, सिन्नरच्या गारगोटी म्युझियममध्ये काचेपलीकडे तसेच दगड दिवे लावून ठेवलेले बघितले तेव्हा. बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मग आपलं तिकीट किती ठेवायचं?"

तर पॉटरीचं. दोन वर्षांपूर्वी घराजवळ एका ताईंच्या स्टुडिओत शनिवारचा क्लास लावला. आठ महिने चाकावर नुसते वाकडे कप केले. ते सगळ्यांचंच होतं, त्यावर काही लिहीत नाही. नंतर ताईंनी विचारलं की आता स्वतःचं काय करायचंय, तेव्हा माझ्या तोंडातून निघालं की मला आमच्या शोकेसमधल्या दगडासारखा बाउल करायचाय, बाहेरून काळा ठणठणीत, हात फिरवला तर खरखरीत, आणि आत बघितलं की चमक. ताई म्हणाल्या छान आहे, कर. त्या 'छान आहे कर'ला पुढे चौदा महिने गेले.

सुरुवात मी कुणीही करेल तशी केली, म्हणजे दुकानातून रंग आणले. मला कॅव्हन्साइटचा निळा हवा होता. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी, हा दगड आपल्या पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींमध्ये सापडतो आणि जगभरातले संग्राहक त्यासाठी वाघोलीचं नाव घेतात, ज्या वाघोलीला आपण फक्त ट्रॅफिकसाठी ओळखतो. पांढऱ्या खड्यांवर गडद निळे काटेरी गोळे, कुणीतरी शाई शिंपडल्यासारखे. नाव त्याच्यातल्या कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेटवरून पडलंय, आणि निळा रंग त्या व्हॅनेडियमचा. म्हणलं सोपंय, सिरॅमिकच्या रंगांमध्ये व्हॅनेडियमचा निळा मिळतोच, झिरकॉनबरोबर भाजून केलेला तयार स्टेन असतो. मागवला, ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर भांड्यावर काच होऊन बसतो त्या लेपात मिसळला, भाजला. भट्टी उघडली तर आतून आमच्या जुन्या भाड्याच्या घरातलं बाथरूम बाहेर आलं. अगदी तोच निळा. नंतर कळलं की त्या काळच्या टाइल्समध्ये बऱ्याचदा हाच स्टेन असायचा, त्यामुळे माझं काही चुकलं नव्हतं, रंग बरोबरच आला होता, पण बाउलमध्ये बघितलं की साबण आठवायचा.

मग क्रिस्टल ग्लेझ केलं. ह्यात झिंक ऑक्साइड भरपूर घालतात, पाव भागाच्या आसपास, आणि ॲल्युमिना जवळपास नसतंच, त्यामुळे वितळल्यावर ते पाण्यासारखं पातळ होतं. भट्टी वर नेऊन मग १०८० अंशांच्या आसपास आणून तीन-चार तास तशीच धरून ठेवायची, तेवढ्या वेळात त्या पातळ काचेत झिंक सिलिकेटचे स्फटिक पंख्यासारखे वाढतात. वाढले पण! पहिल्याच प्रयत्नात, चिमूटभर कोबाल्टमुळे निळसर, एक एक रुपयाच्या नाण्याएवढा. क्लासमधल्या सगळ्यांनी फोटो काढले. मी घरी आणला, स्टिल्बाइटच्या शेजारी ठेवला आणि दोन दिवसांत उचलून कपाटात टाकला. सुंदर होता यात वाद नाही, पण लग्नाच्या पत्रिकेवर छापतात ना तसा सुंदर. शेजारचा दगड त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

हे ताईंना सांगितलं तर त्या एप्रनला हात पुसत म्हणाल्या, "अगं एवढ्या पावडरी विकत आणतेस, तुझ्या घरी दगड पडलाय ना, तो दळ की."

हे त्यांनी अगदी सहज म्हणलं, चहा टाक की असं म्हणावं तसं. मला मात्र त्या रात्री झोप नाही. कारण हिशेब सरळ होता. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लावा, जो आजही जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लावा वाहतो ११००-१२०० अंशाला. आमची स्टोनवेअरची, म्हणजे जास्त आचेवर भाजायच्या भांड्यांची भट्टी जाते १२२०ला. म्हणजे हा दगड एकदा वितळून झालेला आहे, आणि मी त्याला परत त्याच तापमानाला नेऊ शकते, स्टुडिओतल्या तीन फुटी इलेक्ट्रिक भट्टीत! शिवाय त्यात साधारण निम्मी सिलिका, मग ॲल्युमिना, लोखंड, चुना, मॅग्नेशियम, थोडा सोडा. ग्लेझला जे लागतं ते सगळं एका दगडात. काच बनवायला सिलिका, खाली ओघळू नये म्हणून ॲल्युमिना, लवकर वितळावं म्हणून चुना आणि सोडा, रंगाला लोखंड. आपण ते वेगवेगळ्या डब्यांतून विकत आणून मिसळतो इतकंच.

पुढच्या रविवारी गावी गेले. बाबांनी शेवटची जी विहीर केली होती, आमच्याच चुलत्यांची, तात्यांची, तिच्या काठावर अजून ढीग पडून आहे. बाबा काठी टेकत आले आणि ढिगाकडे बघून सांगायला लागले, वर काळी माती तीन-चार फूट, त्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मग एक हातभर गेरूचा लाल पट्टा, आणि त्याखाली काळा पाषाण. "पाषाण लागला की सुरुंगाचा खर्च वाढतो, मांजऱ्या बरा असतो, भुसभुशीत, त्यालाच पाणी पाझरतं." मांजऱ्या म्हणजे तो भोकंभोकं असलेला बेसॉल्ट. लाव्यातले वायूचे बुडबुडे तसेच थिजले, नंतर लाखो वर्षं त्यातून गरम पाणी फिरलं आणि भोकांमध्ये हे झिओलाइटचे खडे तयार झाले. गेरूचा पट्टा म्हणजे दोन लाव्यांच्या मधली सुट्टी, पहिला थर थंड होऊन झिजला आणि मग वर दुसरा वाहून आला. ताम्हिणी किंवा वरंध घाटात कापलेल्या डोंगरात आडवी लाल रेघ दिसते ती हीच. बाबांना यातलं लावा वगैरे काही माहीत नव्हतं, पण क्रम एकदासुद्धा चुकले नाहीत.

पाच पिशव्या भरल्या. गव्हाच्या. स्केचपेननं नावं लिहिली आणि एसटीच्या डिकीत टाकल्या, कंडक्टर म्हणाला ताई लगेज लागेल, काय आहे यात. म्हणलं दगड. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं आणि तिकीट न फाडताच पुढे गेला.

काळ्या मातीनं पहिल्याच आठवड्यात हात टेकायला लावले. मला वाटलेलं माती ती माती, तिचाच बाउल करू. ती मळताना इतकी लोण्यासारखी लागते की फसायला होतं. बाउल झाला, सावलीत ठेवला, वर प्लास्टिक टाकलं, आणि चार दिवसांत त्याला एप्रिलमधल्या शेताला पडतात तश्या भेगा पडल्या, बोट जाईल एवढ्या. काळी माती हा बेसॉल्टच, झिजून झिजून झालेला, पण तिच्यातली जी चिकणमाती असते ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तेवढीच आक्रसते. केशवनगरच्या कुंभारवाड्यात एका काकांना विचारलं तर हसले, "नुसती काळी कोण घेतं ताई? गाळ पायजे, राख पायजे, लीद पायजे, तवा कुठं ती धरती." दुसरा त्रास म्हणजे तिच्यातले चुनखडीचे बारीक खडे. भाजल्यावर त्यांचा चुना होतो, आणि मग हवेतली ओल पिऊन ते फुगतात, त्यामुळे भट्टीतून धडधाकट आलेल्या टाइलची खपली पंधरा दिवसांनी टेबलावर बसल्या बसल्या उडते. मला आधी वाटलं मांजरानं पाडलं.

त्या भेगांचा एक फायदा झाला. वाळलेल्या तुकड्यांचे आकार बघितले तर बरेचसे पाच-सहा कोनांचे. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी बघितलीय त्यांना कळेल, तिथे अख्खा बेसॉल्ट असाच उभ्या खांबांमध्ये चिरलाय. तिथे गरम लावा थंड होताना आक्रसला, इथे ओली माती वाळताना, पण चिरण्याची तऱ्हा तीच. तो फुटका बाउल टाकला नाही. अजून आहे गॅलरीत, त्यात सध्या क्लिपा असतात.

शेवटी अंग मात्र गुजरातेतून येणाऱ्या तयार स्टोनवेअरच्या मातीचंच ठेवलं. वाईट वाटलं थोडं, सगळं विहिरीतलंच करायचं असं डोक्यात होतं. पण १२२०ला उभं राहणारी माती आमच्या त्या ढिगात नाही, त्याला इलाज नाही.

गेरूनं कमी छळलं. भिजवला, ढवळला, जड रेती खाली बसू दिली, वरचं लाल पाणी ओतून घेऊन आटवलं आणि अर्धवट सुकलेल्या भांड्यावर ब्रशनं लावलं. १०००ला विटेसारखा लाल, १२२०ला चॉकलेटी. जाड लावला की पापुद्रे सुटतात. पातळ दोन हात, बस.

आता पाषाण. दळ म्हणणं सोपं होतं. पहिल्या दिवशी खलबत्त्यात अर्धा तास ठोकला आणि चमचाभर पावडर, त्यातही शेजारच्या काकू वर येऊन विचारून गेल्या की काही फर्निचरचं काम काढलंय का. मग ताईंनी युक्ती सांगितली की तुकडे आधी बिस्कच्या, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीच्या पहिल्या भट्टीत भाजून घे. एका जुन्या झाकणाच्या भांड्यात घालून ९५०ला भाजले. काळे गेले आणि तपकिरी-लाल होऊन आले, लोखंड गंजलं म्हणा ना, आणि ठिसूळ. त्यानंतर जरा माणसात आले. ठोकायचं, बादलीत पाण्यात घालून ढवळायचं, गढूळ पाणी ऐंशी नंबरच्या चाळणीतून दुसऱ्या बादलीत, उरलेलं परत खलबत्त्यात. कोरडं चाळायचं नाही, आणि ठोकताना एन-९५ मास्क लावायचाच, दगडाची ही धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही, खाणीतल्या लोकांना विचारा. चार रविवारांत दीड किलो पावडर झाली. मुलानं कच्च्या दगडाच्या चुऱ्यावरून फ्रिजचं मॅग्नेट फिरवलं तर त्याला मिशा फुटल्या. मॅग्नेटाइट. पुढचा आठवडाभर तो घरातल्या प्रत्येक गोष्टीवरून मॅग्नेट फिरवत होता, पोह्यांवरूनसुद्धा.

टेस्ट टाइल्स केल्या. नुसता दगड, मग त्यात बोरॅक्सवाली फ्रिट, म्हणजे लवकर वितळणारी तयार काचेची पूड, दहा टक्के, वीस, तीस. भट्टी सोमवारी रात्री लावली, बुधवारी सकाळी उघडायची. मंगळवारी ऑफिसमध्ये माझं लक्ष नव्हतं हे माझ्या अप्रेझलमध्ये पण आलं असणार. उघडली. नुसता दगड: वितळला होता, पण जेमतेम, कॉफीसारखा तपकिरी, बोटाला कोरडा. दहावाला काळा, मऊ चकाकी, आणि जवळून बघितलं की आत तांबूस बारीक ठिपके, रात्री शेतात डोळ्यांना सवय झाल्यावर दिसतात तसे. वीसवाला चकचकीत काळा, काठावर पातळ झाला तिथे मधासारखा. आणि तीसवाला टाइलवर नव्हताच. तो खाली शेल्फवर होता. ओघळून, शेल्फच्या वॉशमधून (ग्लेझ चिकटू नये म्हणून फासतात तो लेप) आत जाऊन, टाइलचा पाय धरून बसलेला. छिन्नीनं काढायला गेले तर शेल्फचा टवका निघाला. शेल्फचे पैसे भरले, आणि ताई काही बोलल्या नाहीत हे जास्त लागलं. त्यानंतर माझ्या प्रत्येक टाइलखाली जाड मातीची चकती असायची, आणि स्टुडिओत त्या चकतीला माझं नाव पडलं.

पण खरं मी त्या ओघळाकडे बघत बसले होते. वाहून, पुढे गोल होऊन थिजलेला, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या. एवढासा, नखाएवढा. मी बनवलेला लावा.

मग दहा टक्केवालाच धरला आणि थंड करण्याशी खेळायला लागले. आमच्या भट्टीला कंट्रोलर आहे, त्यामुळे उतरतानाचा वेग पण सांगता येतो. आपोआप उतरू दिली तर काळा येतो. ११००पासून ९००पर्यंत तासाला पन्नास अंश अशी रेंगाळत उतरवली तर तेच ग्लेझ, तोच डबा, पण गंजलेल्या जांभळट तपकिरी रंगाचं, चकाकी गेलेली, आणि भिंगातून बघितलं तर बारीक स्फटिकांनी गच्च भरलेलं. लाव्याचंही असंच असतं, पटकन थिजला की काचेसारखा, जाड थराच्या पोटात सावकाश निवाला की दाणेदार. हे मी वाचलेलं होतं, कळलं मात्र दोन टाइल्स दोन हातांत धरल्यावर. वीजबिलाचा विषय मी घरी काढत नाही.

बाहेरच्या खरखरीत भागासाठी मांजऱ्याची भोकं हवी होती. टोचून केलेली भोकं टोचल्यासारखीच दिसतात. मग मातीतच कायतरी मिसळायचं जे भट्टीत जळून जाईल. साबुदाणा घातला, तो ओल्या मातीत फुगला आणि बाउलची कड वेफरसारखी निघाली. मोहरी घातली. मोहरी बरोब्बर आकाराची, गोल, कडक, मी खूश. बाउल झाला आणि ऑफिसच्या टूरमुळे प्लास्टिकमध्ये गुंडाळून आठ दिवस ठेवला. परत आले, प्लास्टिक काढलं तर बाउलला कोंब आले होते. सगळीकडून, पांढरे देठ, वर दोन दोन हिरवी पानं. मातीत पेरलं तर उगवणारच, पण मला ते सुचलंच नव्हतं हो. नंतर मोहरी आधी तव्यावर भाजून घ्यायला लागले आणि भट्टी तीनशेच्या आसपास गेली की अख्ख्या स्टुडिओत फोडणीचा वास, दर वेळी कुणीतरी विचारायचं आज डब्यात काय आणलंय. मोहरी जळते, मागे गोल पोकळी राहते. पाषाणाची पावडर पाण्यात कालवून वरून चोळली आणि पुसून काढली, की ती भोकांच्या कडांवर बसते. भाजल्यावर तो तुकडा मी विहिरीतल्या मांजऱ्याशेजारी ठेवला आणि मुलाला म्हणलं ओळख. तो दोन सेकंद अडखळला. मला दोन सेकंद पुरेसे होते.

आतल्या चमकेचा प्रश्न राहिलाच होता. इथे मी एक आगाऊपणा केला. म्हणलं खरा स्टिल्बाइटच आत ठेवून भाजला तर? बाबांना विचारून शोकेसमधल्या चुऱ्यातले नखाएवढे चार पापुद्रे घेतले. (मोठ्याला हात लावला नाही. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला एका विहिरीत हिरव्या अपोफिलाइटचे गोळे निघाले होते, त्यांची पुढे जगभर चर्चा झाली, तेव्हापासून बाबा शोकेसला कुलूप लावतात, आत तसं काही नसलं तरी.) उंच काठाच्या छोट्या वाटीत ठेवून १२२०. बाहेर काय आलं तर साबणाचा फेस थिजावा तसा पांढरा फसफसलेला गोळा, मूळ दगडाच्या दुप्पट फुगलेला, हात लावला तर काचेसारखा कुरकुरीत. गुलाबी नाही, पंखा नाही, काही नाही. मला हसूच आलं, कारण झिओलाइट हे नावच त्यावरून पडलंय. १७५६ साली क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं असाच एक दगड तापवला, तो फसफसून फुगला, म्हणून त्यानं ग्रीकमधून नाव ठेवलं, उकळणारा दगड. ह्या खड्यांच्या आत पाणी असतं, ते वाफ होऊन निघतं. विहिरीतून काढलेल्या दगडात पाणी, आणि ते मी हजार अंशाच्या वर नेऊन उडवलं.

चमक मग पाषाणातूनच आली. वीस टक्केवालं चकचकीत काळं ग्लेझ बाउलच्या आत ओतलं, जरा जास्त जाड ओतलं गेलं, गडबडीत होते. बाउलमधे ते तळाशी साचलं, आणि भट्टीत त्याला बुडबुडे आले. काही फुटले आणि बसले, काही फुटून तसेच कडा उघड्या टाकून थिजले, काही अजून बंद, पातळ पापुद्र्याखाली पोकळ. ग्लेझच्या भाषेत हा दोष, ब्लिस्टरिंग, अशी भांडी विकत नाहीत, खायला वापरत नाहीत. ताईंनी बघून मान हलवली, "पुढच्या वेळी पातळ घे, आणि वर दहा मिनिटं धरून ठेव, भरतील." मी पण मान हलवली. पण भट्टी उघडल्यावर अजून गरम होता, दीडशे-दोनशे अंश असेल, उतावळेपणानं मी हातमोज्यानं बाहेर काढलेला, आणि तो टिंग, टिंग करत होता, थंड हवा लागून ग्लेझला बारीक तडे जात होते, मध्येच थांबून परत टिंग. बाहेरून मोहरीची भोकं, आत फुटलेले बुडबुडे, आणि खिडकीतला उजेड प्रत्येक बुडबुड्याच्या कडेवर वेगळा. मी तो पुढच्या वेळी भरून काढणार नव्हते हे मला तेव्हाच माहीत होतं.

चांगले आलेले सहा बाउल पण आहेत, खोटं कशाला सांगू. ते खायच्या लायकीचे आहेत, लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघितली, रंग हलला नाही, आम्ही त्यात आमटी घेतो. त्यातले दोन मावशीनं नेले.

बुडबुडेवाला मात्र दिवाळीत गावी घेऊन गेले. बाबांना आता कमी दिसतं, त्यांनी बोटांनी बघितला. बाहेरून अंगठा फिरवला, भोकांमध्ये नख घालून पाहिलं, आत हात घालून बुडबुड्यांच्या कडा चाचपल्या. मग बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि कानाशी नेलं, विहिरीतला खडक तपासायचे तसं.

"मांजऱ्या आहे की हा. कुठल्या विहिरीतला?"

म्हणलं आपल्याच, तात्यांच्या. मी केलाय, दगड दळून. त्यांना ते पटलं की नाही कळलं नाही. आईला म्हणाले तांब्याभर पाणी आण. पाणी बाउलमध्ये ओतलं, काठोकाठ, ओट्यावर ठेवला आणि म्हणाले राहू दे रात्रभर.

सकाळी उठून बघितलं तर पाणी बोटभर खाली गेलेलं, बाउल बाहेरून घामेजलेला आणि ओट्यावर त्याच्याखाली ओला गोल. बाबा चहा घेत बसलेले, मला काही बोलायच्या आधीच म्हणाले, "तुला म्हणलं नव्हतं का, मांजऱ्या पाझरतो."